कारागिराची कदर करायची असेल तर आधी त्याच्या गाडीत डोकावून बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात अधूनमधून फोटो येतो, नव्या गाड्या लाईनीत उभ्या राहतात, बोनेटवर झेंडूच्या माळा, साहेब लोक झेंडी दाखवून राहिले. कधी टिप्पर (मागची बॉडी उचलून गिट्टी-माती ओतणारे ट्रक) राहतात, कधी गटार साफ करायच्या जेटिंगच्या गाड्या, कधी खांबावरचे लाईट दुरुस्त करायची ती उंच बकेटवाली गाडी. चांगली गोष्ट आहे, शहर वाढलं तर गाड्या पाहिजेच. पण मी त्या फोटोत दरवेळी तीन माणसं शोधतो, ती बॉडी चेसिसवर म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर बसवणारा वेल्डर, हायड्रॉलिकची लाईन जोडणारा मिस्त्री आणि उद्यापासून त्या बकेटमध्ये उभा राहून काम करणारा माणूस. तिघंही कधीच दिसत नाहीत. त्यांच्याबद्दलच हे पत्र आहे, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

मी नागपूरला लागून असलेल्या वाडी गावात राहतो, आमचा टिप्परचा छोटा धंदा आहे, वडिलांपासून चालत आलेला. त्यामुळे लहानपणापासून उठणं-बसणं मिस्त्री, वेल्डर, कमानवाले (ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे ठोकणारे), बॅटरीवाले, टायरवाले यांच्यातच झालं. अमरावती रोडवर वाडीला या नाहीतर कामठी रोडला ऑटोमोटिव्ह चौकाकडे जा, सकाळी सात-साडेसातला शटर वर जातात आणि रात्री उशिरापर्यंत ठोकाठोकीचा आवाज चालू राहतो. उत्तर-दक्षिण जाणारा 44 नंबरचा हायवे आणि पूर्व-पश्चिम जाणारा 53 नंबरचा, दोन्ही नागपुरातून जातात, त्यात आता 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला, म्हणजे देशाच्या चारही दिशांचा माल आपल्या दारावरून जातो. हे सगळे ट्रक रस्त्यावर ठेवणारे हात आपल्याच शहरात आहेत आणि त्यांची गिनती कोणी करत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

लोकांना वाटतं ट्रक कंपनीतून जसा दिसतो तसाच येतो. तसं नाही. पुष्कळ गाड्या आजही केबिन आणि चेसिस एवढ्याच येतात, मागचा डाला म्हणा, पाण्याचा टँकर म्हणा, क्रेन म्हणा, ते मागून बॉडी बनवणाऱ्याकडे बसतं. टिप्परची बॉडी बसवताना कधी उभं राहून बघा. चेसिसचे दोन लांब गर्डर राहतात, त्यावर बॉडीची सबफ्रेम म्हणजे खालची चौकट ठेवायची. आता कोणी म्हणेल वेल्डिंग मारून टाका, झालं. पण गर्डरच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला ना भोक पाडायचं ना वेल्डिंग करायची, कारण वाकण्याचा सगळा ताण तिथंच येतो आणि तडा पण तिथूनच सुरू होतो, म्हणून यू-बोल्टनं आवळायचं किंवा कंपनीनं जिथं जागा दिली तिथंच ब्रॅकेट लावायचे. मग मागच्या बिजागरीच्या दोन पिना. त्या एका रेषेत नसल्या तर बॉडी वर जाताना पिळते, आणि गिट्टी भरलेली बॉडी वर असताना पिळली तर गाडी आडवी व्हायला वेळ लागत नाही. आमच्याकडचे एक उस्ताद आहेत, वय झालं, चष्मा लागला, पण अजूनही दोरी ताणून एक डोळा मिटून त्या पिना बघतात, समाधान झालं नाही तर परत सोडतात, पोट्टे कितीही वैतागले तरी. मग पीटीओ लावून बॉडी हळूहळू वर घेतात. पीटीओ म्हणजे गिअरबॉक्समधून ताकद घेऊन हायड्रॉलिक पंप फिरवणारी जोडणी. बॉडी झटके देत वर गेली आणि पंपाचा घरघर आवाज आला की ते लांबूनच ओरडतात, "लाईनीत हवा आहे, खाली घे". मीटर नाही, लॅपटॉप नाही, नुसत्या कानावर.

आणि जुनं ज्ञान घेऊन ते बसून राहिले असंही नाही. एप्रिल 2020 पासून बीएस-6 म्हणजे धुराच्या कडक नियमाच्या गाड्या आल्या, त्यात जागोजागी सेन्सर, धूर साफ करायला युरियाची टाकी, सगळा कारभार कॉम्प्युटरवर. पूर्वी वेल्डर अर्थिंगचा चिमटा लावायचा आणि सुरू व्हायचा, आता आधी बॅटरीच्या तारा काढायच्या, कंट्रोलरचे कनेक्टर सोडायचे, अर्थिंग वेल्डिंगच्या अगदी जवळ घ्यायचं आणि मगच ठिणगी पाडायची, नाहीतर महागडा कंट्रोलर जाऊ शकतो. हे सातवी-आठवीत शाळा सोडलेल्या पोट्ट्यांनी एकमेकांना विचारून, मोबाईलवर बघून, धडपडून शिकून घेतलं. शिकायला काही खर्च होतो, वेळ जातो, तो त्यांनी स्वतःच्या खिशातून दिला.

आता माझा मुद्दा. आपण कारागिराची कदर कशी करतो? 17 सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा होते, गॅरेजमध्ये औजारांना हळदकुंकू लागतं, प्रसाद वाटतात, कुठं शाल-श्रीफळ होतं. मला ते आवडतं, आमच्याकडे पण गाड्यांची पूजा राहते. पण माझं म्हणणं आहे की कारागिराची कदर त्याच्या औजारांत आणि त्याच्या गाडीत दिसली पाहिजे. ज्या गाडीवर तो कामाला जातो ती गाडी कशी आहे, त्यात शिडी नीट बसते का, औजारं कुलपात राहतात का, रात्री काम करायला लाईट आहे का, त्याचा जीव सांभाळायची सोय आहे का, एवढं बघितलं तरी आपण त्याला किती मानतो ते कळतं.

टायरवाल्याचंच घ्या. बहुतेक जुन्या ट्रकच्या चाकाला लॉक रिंग राहते, ट्यूबवाला टायर, लोखंडी रिंग खाचेत बसवायची आणि हवा भरायची. हवा किती, तर शंभर पीएसआयच्या वर. रिंग नीट बसली नसेल, गंजली असेल, वाकली असेल तर ती सुटते आणि समोर जो असेल त्याला उडवते. हे टायरच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहिती आहे. यावर उपाय काही रॉकेट बनवण्याइतका अवघड नाही, जाड पाईपचा पिंजरा, चाक त्यात ठेवायचं, लांब नळी, क्लिपवाला नोझल, बाजूला उभं राहून हवा भरायची. हा पिंजरा इथलाच वेल्डर दिवसभरात बनवून देईल. तरी हायवेच्या कडेच्या किती टपऱ्यांवर तो दिसतो? पोट्टा उकिडवा बसून चाकावर पाय देऊन हवा भरून राहिला, हेच दिसतं. आम्ही ट्रकवाल्यांनी ठरवलं ना, की पिंजरा नाही तिथं हवा भरणार नाही आणि पिंजरा आहे तिथं चाकामागे दहा-वीस रुपये जास्त देऊ, तर हे चित्र बदलायला वेळ नाही लागणार. मी आमच्या ड्रायव्हर लोकांना हेच सांगून ठेवलं आहे.

तसंच टिप्परच्या बॉडीखाली डोकं घालण्याचं. बॉडी वर उचललेली आहे, नुसत्या तेलाच्या दाबावर उभी आहे, एक नळी फुटली किंवा कोणाचा हात लिव्हरवर पडला की खेळ संपला. म्हणून आधी आधाराचा लोखंडी दांडा लावायचा, चाकाला लाकडी गुटके लावायचे, चावी काढून खिशात ठेवायची आणि मगच खाली जायचं. दांडा गाडीसोबतच पाहिजे. भंगारात विकला, हरवला, वाकला, असं सांगून गाडी चालवणाऱ्या मालकांना मी तोंडावर बोलतो, आमच्या धंद्यातले काही जण माझ्यावर नाराज आहेत, राहू द्या.

आता लाईनमनकडे येतो, कारण ते सगळ्यांच्या डोळ्यासमोरचं आहे. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपत आला की नागपुरात वादळ येतं, झाडं पडतात, तारा तुटतात, अर्धं शहर अंधारात जातं आणि आपण दर पाच मिनिटाला फोन लावतो. तेव्हा एक पिकअप येते, मागे शिडी दोरीनं बांधलेली, शिडीचं टोक मागे बाहेर निघालेलं, त्याला लाल फडकं. पावसात चिखलात ती शिडी खांबाला टेकवून माणूस वर चढतो, खाली एक जण शिडी धरून, दुसरा मोबाईलच्या टॉर्चचा उजेड पाडून राहिला. वर 11 केव्हीची म्हणजे 11 हजार व्होल्टची लाईन. परमिट घेतलं, लाईन बंद केली, तरी कुठल्या घरचा जनरेटर किंवा इन्व्हर्टर उलटा करंट सोडेल सांगता येत नाही, म्हणून डिस्चार्ज रॉड टाकून अर्थिंग केल्याशिवाय हात लावायचा नसतो. आता या माणसाला इन्सुलेटेड बूमची, म्हणजे करंट अडवणाऱ्या लांब हाताची, बकेट गाडी दिली तर त्याचं काम किती सोपं आणि सुरक्षित होतं. त्या गाडीला चार पाय राहतात, ते जमिनीवर घट्ट टेकल्याशिवाय बूम वर जाऊच नये अशी सोय राहते, नळी फुटली तरी सिलिंडरमधलं तेल अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह राहतो म्हणून बकेट धाडकन खाली येत नाही. फक्त आपल्याकडची काळी माती पावसात लोण्यासारखी होते, पाय त्यात रुततात, म्हणून पायाखाली टाकायला जाड प्लेटा गाडीत पाहिजेच पाहिजे. टेंडर काढणाऱ्यानं प्लेटा लिहिल्या का, ते मात्र वापरणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय कळणार नाही. 4 मार्चला देशात लाईनमन दिवस पाळतात, त्या दिवशी सत्कार जरूर करा, पण त्याच दिवशी त्यांना बसवून विचारा की बाबा तुझ्या गाडीत काय कमी आहे, आणि पुढच्या पावसाच्या आधी ते भरून द्या. सगळ्या गल्ल्यांत मोठी गाडी जात नाही हे मला मान्य आहे, महाल-इतवारीच्या गल्लीत तं रिक्षाही अडकते, तिथं फायबरची शिडी, चांगला सेफ्टी बेल्ट आणि डोक्यावर बांधायचा लाईट तरी द्या.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नागनदी घरात शिरली, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, खालच्या मजल्यावरच्या लोकांचं होतं नव्हतं ते चिखलात गेलं. रेस्क्यू करणाऱ्यांची नावं छापून आली, त्यांचं कौतुक व्हायलाच पाहिजे होतं. पण पाणी उतरल्यावर पुढचे कित्येक दिवस कोण राबत होतं? हायड्रा क्रेनवाले, ज्यांनी एकमेकांवर चढलेल्या कार बाजूला केल्या. पंपाच्या गाड्यावाले, ज्यांनी तळघरं उपसली. मोटार वाइंडिंगवाले, ज्यांच्या दुकानासमोर पाण्याच्या मोटरांचा ढीग लागला होता. इलेक्ट्रिशियन, ज्यांनी ओल्या भिंतीतले बोर्ड उघडून वाळवले आणि तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका म्हणून घरोघर बजावून सांगितलं. माझ्या मावसबहिणीच्या घरी जो प्लंबर आला होता तो बाइकवर, पाईप रेंच आणि डाय सेट गोणीत भरून, गोणी दोन पायांच्या मधे, आणि मागे बसलेल्या हेल्परच्या खांद्यावर शिडी. त्याचं स्वतःचं घर पण पाण्यात गेलं होतं, हे त्यानं काम झाल्यावर, चहा पिताना सांगितलं.

या माणसाकडे एक नीट गाडी असती तर? मी मोठं काही मागून नाही राहिलो. एक छोटा हत्ती म्हणजे छोटी मालगाडी, दोन्ही बाजूला कुलपाचे पेटारे, त्यात फिटिंगचे खण, वर पाईपचा आणि शिडीचा रॅक, मागच्या फळीवर पक्का बसवलेला बाक म्हणजे पाईप धरायचा व्हाईस, छोटा जनरेटर, दोन एलईडी लाईट, पाण्याचा कॅन, फर्स्ट एडचा डबा, रस्त्यावर लावायला चार कोन. सामान आणायला परत परत दुकानात जाणं वाचतं, त्यामुळे दिवसात एखादं काम जास्त होतं, पाठ वाचते, औजारं चोरीला जात नाहीत आणि दारात गाडी उभी राहिली की लोकही नीट बोलतात. हे पेटारे, हे रॅक बनवणारे फॅब्रिकेटर हिंगणा एमआयडीसीत, वाडीत भरपूर आहेत. आरटीओच्या नियमात बसेल असा एक-दोन नमुन्यांचा नकाशा मंजूर करून ठेवला, म्हणजे प्रत्येकाला वेगळी धावपळ नको, आणि बँकेनं गाडीसोबत या फिटिंगलाही कर्ज दिलं तर नागपुरातच हा एक चांगला धंदा उभा राहील.

सरकारच्या योजना आहेत, नाही असं नाही. पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली, त्यात औजारांसाठी 15,000 रुपये, प्रशिक्षणाच्या काळात रोजचे 500 रुपये आणि दोन टप्प्यांत 3 लाखांपर्यंत कमी व्याजाचं कर्ज आहे. योजना चांगली आहे. पण त्यात 18 व्यवसाय आहेत, सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, चांभार, गवंडी, न्हावी असे, आणि त्या यादीत ट्रकचा मिस्त्री नाही, वेल्डर नाही, प्लंबर नाही, इलेक्ट्रिशियन नाही, टायरवाला नाही. लोहाराचा ऐरण-भाता जितका खरा तितकंच कमान ठोकणाऱ्याचं काम खरं आहे, भट्टीत पाटा लाल करून तोही घणच मारतो. ही यादी वाढवा अशी माझी मागणी आहे आणि आपल्या पेपरानं ती लावून धरावी ही विनंती.

दुसरी एक गोष्ट चांगली झाली तीही सांगतो. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या साडेतीन टनाच्या वरच्या ट्रकला ड्रायव्हरच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, आपल्या नागपूरचेच खासदार गडकरी साहेब यांच्या खात्यानं हे केलं. 45-46 डिग्रीत इंजिनच्या बाजूला बसून गाडी चालवणं काय राहतं हे आमच्या ड्रायव्हरांना विचारा. म्हणजे मनावर घेतलं तर होतं. मग त्याच उन्हात तापलेल्या पत्र्याखाली पाठीवर झोपून गिअरबॉक्स उतरवणाऱ्यासाठी ट्रान्सपोर्टच्या जागेत चार मोठे शेड, पिण्याचं थंड पाणी, एक संडास-बाथरूम, हे का होऊ नये? ट्रक टर्मिनलच्या प्लॅनमध्ये पार्किंग राहते, हॉटेल राहतं, मिस्त्र्यांसाठी पक्क्या फरशीची जागा कोणी धरत नाही, मग जॅक मातीत रुततो आणि माणूस गाडीखाली सापडतो.

गटाराचं तर बोलायलाच पाहिजे. 2013 च्या कायद्यानं माणसाला विनासुरक्षा गटारात, सेप्टिक टँकमध्ये उतरवायला बंदी आहे, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. जेटिंग आणि सक्शनची गाडी कशासाठी असते, तर माणूस वरच राहावा म्हणून, वरून जोरात पाणी मारायचं आणि गाळ ओढून घ्यायचा. पण ती गाडी चालवणारा पण कारागीर आहे हो. किती दाबाला कोणता नोझल, नळी किती आत सोडायची, जुन्या विटांच्या गटारात दाब कमी ठेवायचा नाहीतर वीट सुटते, हे त्याला शिकवायला लागतं. गाडी घेतली आणि ट्रेनिंग दिलं नाही, सुटे भाग ठेवले नाहीत, पंपाचे सील आणायला महिना गेला, तर गाडी कोपऱ्यात उभी राहते आणि कंत्राटदार परत माणूस शोधतो. म्हणून गाडीच्या खरेदीतच देखभालीचे पैसे आणि शिकवणी धरलीच पाहिजे.

घराघरातलं पण बोलतो, कारण सगळं सरकारवर ढकलून चालत नाही. आपण मॉलमध्ये भाव करत नाही आणि मिस्त्रीनं पाचशे सांगितले की तीनशेवर आणतो. "पाच मिनिटाचं तं काम होतं" असं म्हणतो, अन् त्या पाच मिनिटाच्या मागे किती वर्षांचा हात आहे ते विसरतो. मुलगा ट्रकचा मेकॅनिक आहे म्हटलं की स्थळ परत जातं, तोच कुठं ऑफिसात दहा-बारा हजारावर बसला असता तर चाललं असतं. आमच्या ओळखीत एक पोट्टा आहे, ऑटो इलेक्ट्रिशियन, गाडीचा वायरिंग डायग्राम पुस्तकासारखा वाचतो, त्याची कमाई चांगल्या ऑफिसवाल्यापेक्षा जास्त आहे, तरी दोन वर्षं झाली, घरचे मुलगी बघूनच राहिले. आयटीआयला पण तसंच, दहावीत कमी पडले की तिकडे पाठवायचं असं धरून चाललो आपण. वेल्डरचा कोर्स 1 वर्षाचा, फिटर, इलेक्ट्रिशियन, मोटार मेकॅनिक 2 वर्षांचे, आणि 30 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात असा अप्रेंटिसशिप कायद्याचा नियम आहे. बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर, मिहान, एवढ्या कंपन्या आहेत. चांगले मार्क असलेल्या मुलामुलींनी पण इकडे यावं असं वाटत असेल तर शाळेनं त्यांना एकदा तरी वाडीच्या बॉडी शॉपमध्ये न्यावं, उस्तादांना बोलायला लावावं, पोरं हरखून जातील, आमच्या घरच्या पोरी गेल्या होत्या तर तिथून निघायला तयार नव्हत्या.

तर संपादक साहेब, आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या वेळी नव्या गाड्यांचा फोटो छापाल तेव्हा वार्ताहराला सांगा, ती बॉडी कोणी बनवली ते विचारून ये, ऑपरेटरला शिकवणी दिली का, गाडीत गुटके, कोन, प्लेटा, बेल्ट, फर्स्ट एड आहे का ते दार उघडून बघून ये, आणि ते बातमीत लिही. जमलं तर आठवड्यातून एक कॉलम इथल्या मिस्त्री, वेल्डर, वाइंडर, क्रेन ऑपरेटरवर सुरू करा, नावानिशी, फोटोनिशी, त्यांच्या औजारांसकट. माणसं मी दाखवतो, वाडीत कधीही या.

आपला नियमित वाचक,
एक टिप्पर मालक
वाडी, नागपूर